आधी वरचा काठ

तेरडा माहीत नाही असं घर आपल्याकडे शोधूनही सापडायचं नाही. श्रावण लागला की कुंपणाशी, बांधावर, पायवाटेच्या कडेला तो न लावता उगवतो. काही घरांत तर गौर म्हणून तेरड्याचीच रोपं आणतात. तीन दिवसांच्या रंगावरून त्याला म्हणीत चिकटलेली बदनामी आहेच. आणि पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की ते फट्‌कन फुटून बिया उडतात, हा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खेळलेला असणार.

या तेरड्याचा एक चुलतभाऊ हिमालयात राहतो. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या डोंगरउतारांवर, ओढ्यांच्या काठी तो वाढतो. उंची माणसापेक्षा जास्त, खोड लालसर आणि पोकळ, फुलं गुलाबी-जांभळी. दिसायला देखणा. 1839 मध्ये त्याचं बी इंग्लंडला पोचलं ते बागेची शोभा म्हणून. काही वर्षांतच तो बागेचं कुंपण ओलांडून नदीकाठी पोचला. आज ब्रिटनमध्ये नदीकाठच्या सर्वांत उपद्रवी झाडांच्या यादीत त्याचं नाव वर असतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो मोकळ्या जागेत लावणं 2010 पासून कायद्यानं गुन्हा आहे.

आज लिहितोय ते हा तेरडा औषध न फवारता कसा हटवतात याबद्दल. कामानिमित्त मी दोन वर्षं इंग्लंडच्या उत्तर भागात होतो. तिथं उन्हाळ्यातल्या शनिवारी गावकरी नदीकाठी जमून तो उपटायचे, त्यात मीही जात असे. त्या कामाची जी पद्धत तिथं पाहिली, तिचा आपल्या मलप्रभेच्या काठालाही उपयोग आहे असं मला वाटतं. पण आधी तो तेरडा नेमका करतो काय, ते पाहू.

सुंदर झाडाचा त्रास कसला?

हे झाड एका वर्षाचं. मार्च-एप्रिलमध्ये बी रुजतं, जून-जुलैपासून फुलं येतात, त्यानंतर बोंडं धरतात आणि थंडीचं पहिलं हिंव पडलं की झाड मरतं. ज्या काठावर ते दाट वाढतं तिथं खालच्या गवताला ऊन मिळत नाही, त्यामुळे गवत मरतं. मग हिवाळ्यात तेरडाही मेला की काठ उघडा पडतो. तिकडे नद्यांना पूर येतात ते बहुधा हिवाळ्यातच. गवताच्या मुळांनी बांधून ठेवलेली माती आता कुणीच धरून ठेवत नाही, आणि पुराबरोबर काठ ढासळत जातो. वाहून गेलेला गाळ खाली जाऊन तळाच्या खडीत बसतो. त्याच खडीत मासे अंडी घालतात.

दुसरा त्रास मधमाश्यांचा. या फुलांत मध भरपूर, त्यामुळे भुंगे आणि मधमाश्या तिकडेच धावतात आणि शेजारच्या स्थानिक फुलांकडे फिरकत नाहीत. मग त्या फुलांना बी कमी धरतं. मधमाश्या पाळणाऱ्यांना मात्र हा तेरडा हवाहवासा असतो, कारण बाकीची फुलं संपल्यावरही तो मध देत राहतो. त्या फुलांतून बाहेर पडलेली माशी पाठीवर पांढरा पराग लेवून येते, जणू पिठात लोळून आली आहे. म्हणजे या झाडाला काढू नका म्हणणारी माणसंही गावात असतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नसतं.

इथं दोष झाडाचा नाही. हिमालयात त्याला खाणारे किडे आहेत, त्याच्यावर पडणाऱ्या बुरशी आहेत, थंडीचा हिशेब वेगळा आहे. तिथं तो आपल्या जागेत राहतो. इंग्लंडला बी गेलं, सोबत शत्रू गेले नाहीत, एवढंच.

फवारणी का नको?

तणनाशक मारलं की झाड मरतं हे खरं. मग उपटत बसायचं कशाला? कारणं तीन आहेत.

पहिलं म्हणजे पाणी. नदीकाठी मारलेलं औषध नदीत उतरतं. म्हणून इंग्लंडमध्ये पाण्याजवळ तणनाशक वापरायचं तर पर्यावरण खात्याची आधी परवानगी घ्यावी लागते. दुसरं, नेहमीचं तणनाशक तेरडा आणि गवत यांत फरक करत नाही. दोन्ही मरतात, काठ उघडा होतो, आणि उघड्या मातीत सर्वांत आधी उगवतो तो पुन्हा तेरडाच, कारण त्याचं बी तिथं पडलेलंच असतं. तिसरं कारण सर्वांत सोपं आहे. या झाडाची मुळं अगदी उथळ असतात. दोन मीटरचं झाड शाळेतलं पोरसुद्धा एका हातानं उपटू शकतं. इतकं सहज निघणारं झाड विष घालून मारायची गरजच काय?

पण सहज निघतं म्हणून लगेच संपतं असं नाही, आणि लोक फसतात ते इथंच. एका झाडाला साधारण 800 बिया येतात. बोंड फुटलं की बी 7 मीटरपर्यंत उडतं. समजा एका काठावर 1000 झाडं आहेत आणि आपण घाम गाळून 950 उपटली. शंभरात पंचाण्णव म्हणजे परीक्षेत उत्तम गुण. पण उरलेली 50 झाडं 40,000 बिया टाकतात. त्यातल्या बऱ्याचशा वाया गेल्या तरी पुढच्या वर्षी काठ जसाच्या तसा भरून निघतो. या कामात शंभरातले पंचाण्णव गुण म्हणजे जवळजवळ नापास.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. या बियांचं मातीतलं आयुष्य फार नाही, दीड-दोन वर्षं. म्हणजे लागोपाठ दोन-तीन वर्षं एकाही झाडाला बी धरू दिलं नाही, तर त्या काठावरचा साठा संपतो. औषधाचं काम इथं कॅलेंडर करतं.

उपटण्याची रीत

आमच्या गटाची सुरुवात मेच्या अखेरीस व्हायची. तेव्हा रोपं गुडघ्याच्या वर आलेली असतात, ओळखू येतात, आणि फुलं अजून लांब असतात. हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि पूर्ण बाह्या, कारण त्याच काठावर अंगाला आग लावणारी खाजरी झुडपंही दाट असतात.

खोड पोकळ असल्यामुळे वर धरून ओढलं की मोडतं आणि बुडखा मातीत राहतो. उसाला जशा पेरांच्या गाठी असतात तशा याच्याही खोडाला असतात. एक जरी गाठ शिल्लक राहिली तर तिथून फुटवा येतो आणि त्या बुटक्या फुटव्यालाही फुलं धरतात. म्हणून वाकून, अगदी जमिनीलगत धरायचं आणि सावकाश ओढायचं. झाडं फार दाट असतील तिथं विळा किंवा यंत्र चालवतात, पण काप सर्वांत खालच्या गाठीच्याही खाली बसला पाहिजे.

उपटलेलं झाड ओल्या मातीवर टाकून दिलं तर गाठींना मुळं फुटून ते पुन्हा उभं राहतं. म्हणून खोड मुळाशी मोडायचं, आणि पुराचं पाणी पोचणार नाही अशा कोरड्या जागी ढीग लावायचा. आठवड्याभरानं कुणीतरी जाऊन ढीग पाहून यायचा. निघताना बुटांचा चिखल तिथंच झाडायचा, कारण त्या चिखलात बी असू शकतं.

तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी. ती पहिलीपेक्षा कंटाळवाणी, कारण झाडं थोडी आणि लपलेली असतात. पहिल्या शनिवारी वीस-पंचवीस माणसं यायची, दुसऱ्या फेरीला सात-आठ. आमच्या गटाचं काम पाहणारे एक निवृत्त गृहस्थ होते. ते म्हणायचे की खरं काम दुसऱ्या फेरीत होतं, पहिली ही नुसती सहल. बोंडं पिकल्यावर मात्र ते कुणालाच हात लावू देत नसत, कारण पिकलेलं झाड हलवणं म्हणजे आपल्याच हातानं पेरणी करणं.

वरच्या वळणावरचा शेतकरी

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येतो. नदीकाठच्या तेरड्याचं बी पाण्याबरोबर खाली जातं. त्यामुळे काम नेहमी उगमाकडून सुरू करायचं आणि पाण्याबरोबर खाली यायचं. खालचा काठ कितीही स्वच्छ केला, तरी वरून बी येत असेल तर ते नळ सोडून ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे.

आमच्या गावाच्या वर नदीला एक वळण होतं आणि तिथली जमीन एका शेतकऱ्याची होती. त्याच्या काठावर तेरड्याची भिंत उभी होती. परक्या माणसांनी आपल्या शेतातून ये-जा करावी हे त्याला पसंत नव्हतं. दर हिवाळ्यात पूर यायचा आणि दर वसंतात आम्ही साफ केलेल्या काठावर नवी रोपं उभी. गटातल्या तरुणांना वाटायचं, तक्रार करावी. त्या निवृत्त गृहस्थांनी तसं केलं नाही. ते त्याच्याकडे जाऊन बसले. काठ ढासळतोय तो तुमच्याच जमिनीचा आहे, हे त्यांनी त्याला वळणावर उभं राहून दाखवलं. त्या काठाला त्यानं पूर्वी कुंपण घातलं होतं. शेवटी त्यानं कुंपणाला दार केलं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही दिवस गुरं आत सोडू लागला. गुरं हा तेरडा खातात, खातात त्याहून जास्त तुडवतात. पुढच्या वर्षी आमच्या काठावरची रोपं स्पष्ट दिसण्याइतकी कमी होती, आणि त्यासाठी आम्ही एकही झाड जास्त उपटलं नव्हतं.

जिथं माणसं पोचू शकत नाहीत, अशा लांबच लांब काठांसाठी शास्त्रज्ञांनी आणखी एक वाट धरली आहे. हा तेरडा हिमालयात आटोक्यात राहतो तो कशामुळे, हे शोधायला ते पुन्हा हिमालयात आले. तिथं त्यांना या झाडावर पडणारा एक तांबेरा सापडला. गव्हावर तांबेरा पडतो हे शेतकरी घरांत ठाऊक असतं, तशीच ही बुरशी, फक्त या तेरड्यावर जगणारी. इंग्लंडमधल्या इतर झाडांना, विशेषतः तिथल्या स्वतःच्या तेरड्याला, ती अपाय करत नाही ना हे बंदिस्त जागेत वर्षानुवर्षं तपासलं गेलं, आणि 2014 मध्ये ती मोकळी सोडायला परवानगी मिळाली. भारतातून नेलेला तांबेरा काही काठांवर लागला, काही ठिकाणी लागलाच नाही, कारण वेगवेगळ्या काठांवरचा तेरडा एकाच वाणाचा नाही. म्हणून 2017 मध्ये पाकिस्तानच्या बाजूचा दुसरा वाण सोडला. दोन्हींना दाद न देणारा तेरडाही आहेच. तेव्हा शनिवारच्या फेऱ्या काही बंद झालेल्या नाहीत.

आपल्या काठावर काय?

आपला तेरडा इथलाच आहे. कासच्या पठारावर फुलतो तोही इथलाच. त्याला उपटायची काही गरज नाही. आपल्या काठांवर परकं आहे ते गाजर गवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी. मूळचं अमेरिकेतलं. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून पुढचा इतिहास आपण रोज रस्त्याच्या कडेला पाहतो. पावसाळ्यात नदीचे काठ, घाटाच्या पायऱ्यांशेजारची मोकळी जागा, पुलाखालची माती, सगळीकडे तीच पांढरी फुलं. त्यानं अंगावर पुरळ उठतं, काहींना दम्याचा त्रास होतो.

इंग्लंडची रीत इथं जशीच्या तशी चालणार नाही. फरक नीट लक्षात घ्यायला हवेत.

तेरडा उघड्या हातानं उपटला तरी काही होत नाही. गाजर गवताला तसा हात लावायचा नाही. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं हवंच, आणि ज्यांना दमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे त्यांनी या कामाला येऊच नये. त्यांनी चहाची आणि वहीत नोंदी ठेवायची जबाबदारी घ्यावी. गुरं सोडायचा उपायही इथं नाही. गुरं ते सहसा खात नाहीत, आणि खाल्लं तर दूध कडवट होतं.

वेळापत्रकही वेगळं. हे गवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलू लागतं आणि ओल असेल तर वर्षातून अनेकदा उगवतं. पाऊस पडून माती मऊ झाली की फुलं येण्याआधी मुळासकट काढायचं. नुसतं कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटतं. फुलं न आलेलं गवत खताच्या खड्ड्यात घालता येतं. फुललेलं मात्र पोत्यात भरूनच हलवायचं. तीन-चार आठवड्यांनी पुढची फेरी.

सर्वांत मोठा फरक बियांचा. एक झाड हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. तीन वर्षांत साठा संपवू, हा हिशेब इथं बसत नाही. म्हणून उपटून मोकळी झालेली जागा मोकळी सोडायची नाही, तिथं दुसरं काहीतरी दाट उगवलं पाहिजे. यासाठी आपल्याकडचं नाव ऐकून तुम्हाला गंमत वाटेल: टाकळा. पहिल्या पावसात ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपण करतो तोच. तो दाट उगवतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा वाळतात. तेव्हा बी गोळा करून ठेवायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर काठावर फेकायचं.

तांबेऱ्याच्या जागी आपल्याकडे एक भुंगेरा आहे. मेक्सिकोतून 1983 मध्ये तो बेंगळुरूला आणला, तपासला आणि पुढच्या वर्षी सोडला. पांढुरक्या पाठीवर काळपट नागमोडी रेघा असलेला हा लहानसा किडा आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं आणि कळ्या फस्त करतात. पावसाळ्यात तो जोरात असतो, पुढं मातीत जाऊन झोपतो. तुमच्या काठावर तो दिसला तर त्या भागातलं गवत शेवटी उपटा, आणि तिथं फवारणी तर अजिबात होऊ देऊ नका. जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. दर वर्षी 16 ते 22 ऑगस्टला ती गाजर गवत जागृती सप्ताह पाळते, आणि हे भुंगेरे ठिकठिकाणी पाठवण्याचं कामही तिनं केलं आहे.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी: सुरुवात वरून. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरून सौंदत्तीच्या धरणाकडे जाते. खानापूरचा घाट साफ करायचा तर आधी वरच्या गावांच्या काठांवर काय उगवतंय ते पाहायला हवं. गाजर गवताला मात्र पाण्याखेरीज दुसरीही नदी असते, ती म्हणजे रस्ता. मातीचा डंपर, वाळूचा ट्रॅक्टर, गवताच्या पेंढ्या यांतूनही बी येतं. काठावर भराव टाकला जात असेल तर ती माती कुठून येते हे विचारणं, हेसुद्धा वरचा काठ तपासणंच आहे.

मंडळाच्या तरुण गटात दर वर्षी एक रविवार नदी स्वच्छतेचा होतो. फोटो छान येतात. मी पुढच्या बैठकीत सुचवणार आहे की त्या एका रविवाराचे तीन करावेत: जूनचा शेवटचा, जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टमधला त्या सप्ताहाजवळचा. काठ लहान घ्यावा, दोनशे पावलांचाच, पण तीन वर्षं तोच ठेवावा. आणि पहिल्या रविवारच्या आधी चार जणांनी वरच्या गावात जाऊन तिथल्या शेतकऱ्यांशी बोलून यावं. त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलावं लागेल की मराठीत, हे तिथं गेल्यावर कळेलच. आपल्यातल्या बऱ्याच जणांना दोन्ही येतं. टाकळ्याचं बी या दिवाळीपासून जमवायला घ्या. ज्यांच्या शेतात तो उगवतो त्यांनी मूठभर बाजूला काढून ठेवलं तरी सुरुवातीला पुरेल.